पन्नास वर्षं, एकच हात

स्नूपी मगवर असतो, टी-शर्टवर असतो, गाडीच्या काचेला लटकलेला असतो. पण तो जिथे लहानाचा मोठा झाला, ती वर्तमानपत्रातली चिमुकली पट्टी आपल्यापैकी किती जणांनी निवांत बघितलीय? चार्ल्स शुल्झ नावाच्या माणसाने ती पन्नास वर्षं काढली. एकट्याने. टाकाने. थरथरत्या हाताने सुद्धा!

एक काम करा. समोर असेल तो कागद ओढा, मीटिंगचा अजेंडा असला तरी चालेल. त्यावर एक गोल काढा. बाजूला कान, मधोमध नाकाचं छोटंसं वळण, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, खाली तोंडाची एक रेघ आणि कपाळावर केसांचं एक वेटोळं. झाला चार्ली ब्राऊन!

झाला का? नीट बघा. बहुतेकांचा बटाटा होतो. नाहीतर भलताच कुणीतरी टकलू काका कागदावरून आपल्याकडे बघत असतो. गंमत म्हणजे चुकतं कुठे तेही सांगता येत नाही, कारण चुकायला त्यात आहेच किती? पाच-सहा रेघा आणि दोन ठिपके. पण त्यातला एक ठिपका इकडचा तिकडे झाला, की चार्ली ब्राऊन गायब.

‘पीनट्स’ या कॉमिक स्ट्रिपचं सगळं मर्म इथे आहे. लपवायला जागाच नसलेलं हे चित्र आहे. छान रंग नाहीत, भारी बॅकग्राउंड नाही, हाणामारी नाही. आहेत त्या मोजक्या रेषा, आणि त्या काढणारा एक हात. २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० या काळात या हाताने १७,८९७ स्ट्रिप्स काढल्या. असिस्टंट नाही, ‘ज्युनिअरकडून करून घेतो’ नाही. सुचणार तोच, अक्षरं लिहिणार तोच, शाई फिरवणार तोच.

नावडतं नाव, टीचभर जागा

शुल्झचा जन्म १९२२ चा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. वाढला शेजारच्या सेंट पॉलमध्ये. वडील न्हावी. घरात सगळे त्याला ‘स्पार्की’ म्हणायचे, आणि हे नावसुद्धा त्या वेळच्या एका कॉमिक स्ट्रिपमधल्या घोड्यावरून पडलेलं! चित्रकला तो शिकला पोस्टाने, म्हणजे करस्पॉन्डन्स कोर्स करून. १९४३ मध्ये आई कॅन्सरने गेली आणि त्याच सुमाराला तो सैन्यात भरती झाला. युद्धावरून परतल्यावर त्याच पोस्टाने शिकवणाऱ्या संस्थेत तो नोकरीला लागला. तिथल्या एका सहकाऱ्याचं नाव होतं चार्ली ब्राऊन. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

स्ट्रिप विकली गेली तेव्हा मात्र दोन धक्के बसले. अमेरिकेत स्ट्रिप्स वर्तमानपत्रांना विकायचं काम सिंडिकेट करतं. शुल्झच्या सिंडिकेटने आधी नाव बदललं. त्याचं मूळ नाव होतं ‘लिल् फोक्स’, त्याचं झालं ‘पीनट्स’. म्हणजे शेंगदाणे! इंग्रजीत याचा दुसरा अर्थ किरकोळ, चिल्लर. शुल्झला हे नाव आयुष्यभर आवडलं नाही.

दुसरा धक्का जागेचा. सिंडिकेटने ही स्ट्रिप संपादकांना ‘जागा वाचवणारी’ म्हणून विकली. फंडा सोपा होता: सारख्या आकाराच्या चार चौकटी. आडव्या लावा, उभ्या लावा, दोनावर दोन ठेवा. पानावर जिथे भोक पडलंय तिथे बसवा! सुरुवातीला घेतली ती सात वर्तमानपत्रांनी, आणि छापली अगदी लहान आकारात.

आता विचार करा. पानावर आजूबाजूला ढिशूम-ढिशूम वाल्या, काळ्या शाईने गच्च भरलेल्या स्ट्रिप्स. त्यांच्यात तुमची सगळ्यात छोटी. आपण काय केलं असतं? आपली पट्टीही गच्च भरली असती, ‘मी पण आहे’ म्हणून ओरडलो असतो. शुल्झने पट्टी रिकामी केली. पांढरी जागा वाढवली. गवताच्या चार काड्या, एक बुटका कट्टा, कट्ट्यावर कोपर टेकवून उभी दोन पोरं, आणि वर नुसतं पांढरं आकाश. भरगच्च पानावर नजर आपोआप त्या मोकळ्या जागेकडे वळायची. जागा वाचवणारी स्ट्रिप जागा सोडून द्यायला लागली आणि तिथेच ती जिंकली.

ठिपक्याला कंस

सुरुवातीच्या वर्षांतल्या स्ट्रिप्स बघितल्या तर पोरं जास्त बाळसेदार दिसतात, रेषाही गुळगुळीत आणि एकसारखी. स्नूपी चक्क चार पायांवर चालणारा साधा कुत्रा आहे. हळूहळू डोकी जरा बदलतात, रेषा सैल होते, हाताला वेग येतो. साठीच्या दशकात शिरेपर्यंत शुल्झची रेष म्हणजे निव्वळ हस्ताक्षर झालेलं असतं. तुमची सही जशी दुसऱ्याला हुबेहूब जमत नाही, तशी.

त्याचं हत्यार ठरलेलं होतं: एस्टरब्रुक कंपनीची ‘रेडिओ ९१४’ ही निब. ती शाईत बुडवायची आणि काढायचं. दाब वाढला की रेष जाड, हात हलका झाला की बारीक. कंपनी बंद पडतेय हे कळल्यावर पठ्ठ्याने उरलेला सगळा साठा विकत घेऊन टाकला! पुढची कित्येक वर्षं तो त्यावरच काढत राहिला. पेन्सिलीचं कच्चं काम तो शक्य तितकं कमी ठेवायचा. कारण साधं आहे. पेन्सिलीने सगळं पक्कं केलं, की शाई म्हणजे नुसतं गिरवणं उरतं. आणि गिरवलेली रेष मेलेली असते, हे आपल्याला शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासापासून माहीत आहे.

आता चेहरे बघा. नेहमीचे डोळे म्हणजे दोन ठिपके. पण चार्ली ब्राऊनला टेन्शन आलं, की त्या ठिपक्यांच्या बाजूंना कंसासारख्या बारीक रेघा येतात. बस्स, तेवढंच! रात्रभर झोप नाही, उद्या परत मॅच हरायचीय, आपल्याला कुणी पत्रच पाठवत नाही... हे सगळं त्या दोन कंसांत मावतं. तोंडाची रेघ सरळ असली तर ‘ठीक आहे’, जरा वाकडी झाली की ‘काही ठीक नाहीये’. अप्रेझलच्या खोलीतून बाहेर आलेल्या कलीगचा चेहरा आठवा. अगदी तोच.

आणि पाऊस! कधी संधी मिळाली तर शुल्झचा पाऊस नक्की बघा. बेसबॉलचं मैदान, सगळी टीम पळून गेलीय, आणि चार्ली ब्राऊन मधोमध एकटाच उभा. वरून तिरप्या, भराभर ओढलेल्या रेघा. पट्टी लावून काढलेली एकही नाही. काही जाड, काही मध्येच तुटलेल्या. बघताना कपडे भिजल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या चौकटीतली शांतता

चार चौकटींचा एक ठेका असतो. पहिल्यात विषय, दुसऱ्यात तो वाढवायचा, तिसऱ्यात ताणायचा, चौथ्यात फटाका. सगळे हेच करतात. शुल्झ फटाका बऱ्याचदा तिसऱ्याच चौकटीत फोडून टाकतो. मग चौथीत काय? चौथीत त्यानंतरचं. म्हणजे एखादा उसासा. म्हणजे लूसी काहीतरी जिव्हारी लागणारं बोलून निघून गेलीय आणि चार्ली ब्राऊन नुसता उभा आहे. विनोद संपल्यावर माणसाचं काय होतं, ते तो दाखवतो.

कधी मधली एखादी चौकट तो पूर्ण मुकी ठेवतो. एक शब्द नाही. दोघं कट्ट्यावर टेकून समोर बघतायत, इतकंच. चार चौकटींच्या जागेत एक अख्खी चौकट ‘काहीच होत नाही’ यावर खर्च करायची, याला छाती लागते राव!

त्याचा कॅमेराही गंमतशीर आहे. तो कधी वरून बघत नाही, खालून बघत नाही. कायम पोरांच्या उंचीवर, समोर किंवा बाजूला. मोठी माणसं या जगात दिसतच नाहीत. त्यामुळे वाचणारा आपोआप चार फुटांचा होतो. बाजूनेच दिसणारं स्नूपीचं ते लाकडी घर घ्या. १९५८ पासून स्नूपी त्याच्या टोकदार छपरावर आडवा पडतो. खऱ्या कुत्र्याची पाठ मोडेल! पण चित्रात ते छप्पर म्हणजे फक्त एक आडवी रेघ, आणि तिच्यावर स्नूपीच्या पोटाची दुसरी. आपण मुकाट्याने मान्य करतो.

त्या घराचं आतलं दृश्य मात्र कधीच दाखवलं नाही. तरी आपल्याला माहीत असतं की आत बिलियर्डसारखं टेबल आहे, व्हॅन गॉगचं चित्र आहे. १९६६ मध्ये स्ट्रिपमधलं हे घर जळालं, व्हॅन गॉग गेला, आणि नव्या घरात त्याच्या जागी अँड्र्यू वाईथचं चित्र आलं. हे सगळं नुसतं बोलण्यातून! न दाखवता दाखवायची ही युक्ती तो जपून वापरायचा. चार्ली ब्राऊन जिच्यावर जीव टाकतो ती लाल केसांची मुलगी स्ट्रिपमध्ये जवळपास दिसतच नाही. १९९८ मध्ये एकदा तिची नुसती काळी आकृती आली, तेवढीच. प्रत्येकाने आपापली मुलगी तिथे बसवावी. बसवतोच की!

आणि तो फुटबॉल. लूसी चेंडू धरून बसते, चार्ली ब्राऊन धावत येतो, ती ऐनवेळी चेंडू काढून घेते, हा उताणा. दर वर्षी ये रे माझ्या मागल्या! वाचणाऱ्याला शेवट माहीत असतो, तरी तो वाचतो. कारण उत्सुकता ‘पडेल का’ याची नसते. ‘या वेळी तिच्यावर विश्वास का ठेवला’ याची असते. एकच विनोद जवळजवळ अर्धं शतक ताजा ठेवायचा म्हणजे खायचं काम नाही.

समुद्रकिनाऱ्यावरचा मुलगा

इतकी शांत, सौम्य स्ट्रिप काढणारा माणस बोटचेपा असेल असं वाटतं. तसं नव्हतं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहिलं: तुमच्या पोरांमध्ये एखादं कृष्णवर्णीय मूल आणता येईल का? शुल्झ आधी कचरला. आपण उपकार केल्याच्या थाटात काही करतोय असं त्या समाजाला वाटेल, ही त्याची भीती होती. पत्रव्यवहार चालू राहिला. ३१ जुलै १९६८ ला फ्रँकलिन आला.

कसा आला ते महत्त्वाचं. समुद्रकिनारा. चार्ली ब्राऊनचा चेंडू पाण्यात वाहून गेलाय. एक मुलगा तो घेऊन येतो. मग दोघं मिळून वाळूचा किल्ला करतात. गप्पांमध्ये कळतं की त्याचे वडील व्हिएतनामला आहेत. भाषण नाही, संदेश नाही. दोन पोरं, वाळू आणि पुष्कळ पांढरी जागा. त्या काळच्या अमेरिकेत याहून मोठं विधान चार चौकटींत क्वचितच कुणी केलं असेल.

पुढे फ्रँकलिन इतरांबरोबर एकाच वर्गात बसलेला दिसला, तेव्हा दक्षिणेतल्या एका संपादकाने तक्रार केली. शुल्झने लक्ष दिलं नाही. फ्रँकलिनवरून सिंडिकेटच्या प्रमुखांशीही बोलणं झालं. मी जसं काढतो तसं छापा, नाहीतर मी काम सोडतो, असं आपण त्यांना सांगितल्याचं शुल्झने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. रेष माझी म्हणजे माझीच!

हात हलायला लागला...

१९८१ मध्ये शुल्झची बायपास झाली. त्यानंतर हाताला कंप सुटला. विचार करा, ज्याचं सगळं काम पाच-सहा रेघांवर चालतं, त्याचाच हात थरथरायला लागला.

एव्हाना ‘पीनट्स’ म्हणजे अवाढव्य धंदा झाला होता. भरात असताना ही स्ट्रिप २,६०० हून जास्त वर्तमानपत्रांत आणि ७५ देशांत छापली जायची. पैशाला तोटा नव्हता. दोन चांगले चित्रकार नेमायचे, स्वतः आयडिया द्यायच्या, आणि रिटायर व्हायचं. या धंद्यात हे सर्रास चालतं, कुणी नावं ठेवली नसती. वाचकांना कळलंही नसतं.

शुल्झ काढत राहिला. कधी एका हाताने दुसरा हात धरून. रेष नागमोडी झाली, डोक्याचा गोल थरथरला, आणि ते त्याने लपवलं नाही. ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदीतल्या स्ट्रिप्स बघा. रेष म्हाताऱ्या माणसाच्या अक्षरासारखी झालीय, पण कोणता ठिपका कुठे पडायचा हे तिला पक्कं माहीत आहे. १९८८ पासून त्याने ठरावीक चार चौकटीही सोडून दिल्या. कधी तीन, कधी दोन, कधी एकच लांबलचक. साठी उलटलेल्या माणसाने सदतीस-अडतीस वर्षं चाललेला साचा मोडावा, ही गोष्ट सोपी नाही.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. ‘माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही’ म्हणणाऱ्या या माणसाने स्नूपी मात्र सगळीकडे कसा काय विकला? इन्शुरन्स कंपनीच्या जाहिरातीतही तो वर्षानुवर्षं होता. टीव्हीवरचे कार्यक्रम झाले, खेळणी झाली. सुरुवातीच्या काळात ‘पीनट्स’ची स्वतंत्र कॉमिक बुक्स निघायची, ती तर त्याने मदतनिसांकडून काढून घेतली होती. ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’वाल्या बिल वॉटरसनने आपल्या वाघाचं एक खेळणंही निघू दिलं नाही. त्याच्या शेजारी शुल्झ व्यापारी वाटतो, आणि ही टीका झालेलीही आहे.

मला वाटतं, शुल्झने एक सीमा आखली होती. मग, टॉवेल, जाहिरात हे सगळं बाहेरचं आवार. तिथे कुणीही येवो. वर्तमानपत्रातली ती पट्टी म्हणजे घराची आतली खोली. तिथे प्रवेश फक्त त्याला. आपण सगळेच दिवसभर कामं वाटत असतो, फॉरवर्ड करत असतो, ‘यू टेक केअर ऑफ इट’ म्हणत असतो. त्यात गैर काही नाही. पण कोणतं काम कुणालाही द्यायचं नाही, हे आपल्यापैकी कितींना ठामपणे सांगता येईल? त्याला ते सांगता येत होतं. त्याच्यानंतर दुसऱ्या कुणी नव्या स्ट्रिप्स काढायच्या नाहीत, हेही आधीच ठरलेलं होतं.

२४ ऑक्टोबर १९९९ ला फुटबॉलचा विनोद शेवटचा आला. लूसीला घरात बोलावणं येतं, ती चेंडू धाकट्या भावाच्या, रिरनच्या हातात देऊन जाते. परत आल्यावर विचारते, काय झालं? रिरन सांगत नाही. चार्ली ब्राऊनने चेंडू उडवला की तो पुन्हा उताणा पडला, हे आजतागायत कुणालाच ठाऊक नाही!

पुढच्याच महिन्यात शुल्झ आजारी पडला. कॅन्सर निघाला. १४ डिसेंबर १९९९ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. ३ जानेवारी २००० ला शेवटची रोजची स्ट्रिप छापली गेली. रविवारची शेवटची १३ फेब्रुवारीला यायची होती. १२ तारखेच्या रात्री, सांता रोझामधल्या घरी, झोपेतच शुल्झ गेला. वय ७७. सकाळी लोकांनी दार उघडून पेपर घेतला, तेव्हा त्यात त्याने घेतलेला निरोप छापलेला होता.

चौकट: सुरुवात कुठून कराल?

● ‘द कम्प्लीट पीनट्स’ ही मालिका फँटाग्राफिक्स प्रकाशनाने २००४ ते २०१६ या काळात २६ खंडांत काढली. एका खंडात साधारण दोन वर्षांच्या स्ट्रिप्स. पहिल्या खंडापासून सुरू करायलाच हवं असं नाही. साठीच्या दशकातला कुठलाही खंड उचला, तिथे शुल्झ एकदम फॉर्मात आहे.

● मग नव्वदीतला एखादा खंड शेजारी ठेवा. नुसती डोकी आणि पाऊस बघा. रेष कशी बदलली ते कुणी समजावून सांगायला लागणार नाही.

● कॅलिफोर्नियात जाणं झालं, तर सांता रोझामध्ये २००२ पासून शुल्झचं संग्रहालय आहे. मूळ चित्रं छापील पट्टीपेक्षा कितीतरी मोठी आहेत. शाई कुठे दाबली, कुठे सोडली, ते स्पष्ट दिसतं.

● आणि हो, एका बैठकीत फडशा पाडू नका. या स्ट्रिप्स रोज एक याप्रमाणे काढलेल्या आहेत. सकाळच्या चहाबरोबर एकच वाचा. मुकी चौकट आली तर तिथे दोन सेकंद जास्त थांबा.